घोडबंदर रोडवरचा पुरुष नेमकं कमावतो तरी किती?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ३९ वर्षांचे, ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीला एका टॉवरमध्ये भाड्याने राहतात. नोकरी ऐरोलीत, खासगी कंपनीत. हातात महिन्याला ६८ हजार येतात, पत्नी सध्या घरी असतात. न्यू जर्सीतल्या मावसभावाने परवा फोनवर त्याच्या उपनगराचा आकडाच काढून दाखवला: पुरुषांची मधली कमाई इतकी, बायकांची इतकी, आणि आपण त्याच्या वर आहोत. तेव्हापासून यांच्या डोक्यात भुंगा. ‘आमच्या भागाचा असा आकडा कुठे मिळेल? सोसायटीत सगळे लाख-दीड लाखाखाली बोलतच नाहीत. मी नेमका कुठे बसतो? आणि या पगारात इथे घर घ्यावं का?’

मी ठाण्यात करसल्लागार आहे. लोकांची रिटर्न भरणं आणि गृहकर्जाच्या फाईली लावणं हाच माझा धंदा, त्यामुळे शेजारी एकमेकांना सांगत नाहीत ते आकडे माझ्या टेबलावर येतात. कुणाची फाईल इथे उघडणार नाही, पण त्या वाचायची सवय या प्रश्नाला उपयोगी पडेल.

पहिलं उत्तर सरळ: असा आकडा नाही. घोडबंदर रोडचा नाही, वाशी-नेरूळचा नाही, अख्ख्या ठाणे शहराचाही नाही. ‘ठाण्यातल्या पुरुषांचा सरासरी पगार’ म्हणून मोबाईलवर जे फिरतं, ते बहुतेक नोकरीच्या साइटवर लोकांनी स्वतः भरलेल्या माहितीवरून काढलेलं असतं. तिथे नोकरी शोधणारा येतो, किराणा दुकानवाला येत नाही, रिक्षावाला येत नाही.

मावसभावाकडे आकडा आहे, कारण तिथलं जनगणना खातं २००५पासून दरवर्षी लाखो पत्त्यांवर, आता सुमारे ३५ लाख, एक मोठी प्रश्नावली पाठवतं आणि तिला उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात माणसागणिक कमाई विचारतात, पुरुष-बायका वेगळ्या काढतात, आणि वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्यांचा तक्ता निराळा असतो. छोट्या गावात एका वर्षाची माणसं पुरत नाहीत म्हणून पाच वर्षांची माहिती एकत्र करतात. म्हणजे भावाने दाखवलेला आकडा कर कापण्याआधीचा, लोकांनी स्वतः सांगितलेला आणि पाच वर्षांचा मिळून आहे. शेजारी ‘इतका इकडे-तिकडे’ असंही छापलेलं असतं, ते फोनवर कोणी वाचून दाखवत नाही. त्या डॉलरला रुपयांनी गुणून स्वतःला मोजू नका. तिथला आरोग्य विमा, मालमत्ता कर, पाळणाघराचा खर्च हे सगळं त्याच आकड्यातून जातं.

आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. तुम्ही काय काम करता हे विचारतात; घरात टीव्ही, दुचाकी, गाडी आहे का हेही विचारतात; कमाई नाही. हा काही विसराळूपणा नाही. आपल्या नमुना पाहणीवाल्यांनी १९५०च्या दशकापासून काही फेऱ्यांत उत्पन्न विचारून पाहिलं होतं, पुढे ऐंशीच्या दशकातही चाचणी घेतली. निघालं काय, तर लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी! माझ्या टेबलावर बसलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही. म्हणून सरकार खर्चच विचारत राहिलं, कारण खर्चाबद्दल माणूस जरा खरं बोलतो. आता २०२५मध्ये सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलं की देशभर घरगुती उत्पन्नाची स्वतंत्र पाहणी २०२६पासून करायची. सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी तज्ज्ञांची समितीही नेमली. त्यातूनही कासारवडवलीचा आकडा निघेल अशी अपेक्षा ठेवू नका. नमुना पाहणी इतकी खाली उतरत नाही.

मग हाताशी काय आहे? श्रमशक्तीची पाहणी आहे, २०१७पासून चालू. तिच्या २०२३-२४च्या माहितीत देशभरातल्या पगारदारांची सरासरी महिन्याची कमाई वीस-एकवीस हजारांच्या घरात आहे, स्वतःचा धंदा करणाऱ्यांची तेरा-चौदा हजारांच्या आसपास, आणि रोजंदारीवाल्याची दिवसाला चारशेच्या थोडी वर. खर्चाच्या पाहणीत त्याच वर्षी शहरी माणसामागे महिन्याला ६,९९६ रुपये निघाले, म्हणजे चौघांच्या घराला अठ्ठावीस हजार. यात गाव-शहर, बिहार-महाराष्ट्र सगळं मिसळलेलं आहे. ठाणे याच्या बरंच वर असणार, त्यात वाद नाही. तरी तुमचे ६८ हजार देशातल्या सरासरी पगारदाराच्या तिपटीहून जास्त आहेत, हे एकदा कागदावर लिहून ठेवा.

हे वाचून समाधान होत नाही, माहीत आहे. माणूस स्वतःला देशाशी तोलत नाही, लिफ्टमध्ये भेटणाऱ्याशी तोलतो. म्हणून लिफ्टमधल्या माणसाच्या आकड्याकडे वळू. तो आकडा तुम्हाला ऐकू येतो तसा नसतो.

सोसायटीत जो पगार बोलला जातो तो सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला त्या माणसावर वर्षाला येणारा एकूण खर्च. बारा लाखांचं पॅकेज म्हटलं की ऐकणारा बारा भागिले बारा करतो आणि महिना एक लाख धरतो. मी सोडवून दाखवतो. बारा लाखांपैकी मूळ पगार निम्मा, सहा लाख. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा (पीएफ) वाटा बारा टक्के, म्हणजे ७२ हजार. तो सीटीसीत मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, साधारण २९ हजार. गट विम्याचा हप्ता बारा हजार धरा. व्हेरिएबल एकूण पॅकेजच्या दहा टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार, ते वर्षाच्या शेवटी ‘कामगिरी पाहून’. उरले नऊ लाख सदुसष्ट हजार. महिन्याला साडेऐंशी हजार. त्यातून स्वतःचा पीएफ सहा हजार आणि व्यवसाय कर दोनशे कापला की खात्यात पडतात ७४ हजार आणि वर चिल्लर. कंपन्यांची मांडणी थोडीफार वेगळी असते, कुठे पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवरच कापतात आणि मग हातात जास्त येतात, पण अंतर साधारण इतकंच. थोडक्यात, लिफ्टमधला लाखवाला आणि तुम्ही यांच्यात सहा हजारांचा फरक आहे. तो सीटीसी सांगतोय, तुम्ही इन-हँड सांगताय. तुमचं स्वतःचं पॅकेज काढून पाहा. फॉर्म सोळा आणि नेमणूकपत्र शेजारी ठेवलं की अकरा लाखांच्या आसपास निघेल बहुतेक.

पूर्वी एक खूण होती: ‘मी टॅक्स भरतो.’ तीही आता गेली. २०२५-२६पासून आयकराच्या नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य. त्याआधीही, २०२४च्या ३१ जुलैपर्यंत देशात ७ कोटी २८ लाख रिटर्न आली आणि त्यातल्या बहुसंख्यांचा कर शून्यच होता. एकशे चाळीस कोटींच्या देशात रिटर्न भरणारा म्हणजे आधीच मूठभरांतला माणूस. करखात्याच्या आकडेवारीत ठाण्याचे पुरुष शोधायला गेलात तर निम्मं ठाणं तिथे सापडणारच नाही.

आणि जे सापडतं त्यातही धंदेवाल्याचा आकडा म्हणजे कमाई नव्हे. वाशीच्या बाजारात माल वाहणारे दोन छोटे टेम्पो असलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. कायद्यात मालवाहू गाडीसाठी अंदाजी उत्पन्नाची सोय आहे, लहान गाडीला महिन्याला साडेसात हजार. दोन टेम्पो, बारा महिने: एक लाख ऐंशी हजार, इतकं रिटर्नवर. दुकानदाराचंही तसंच. साठ लाखांची उलाढाल सगळी यूपीआयने आली तर सहा टक्के धरून तीन लाख साठ हजार दाखवता येतात. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा, असंच अपेक्षित आहे. सहा टक्के ही खालची पायरी आहे, वरची नाही. पण बहुतेक लोक त्या पायरीवर पथारी टाकूनच बसतात. मग मुलाच्या शिक्षणासाठी नाहीतर घरासाठी कर्ज हवं असलं की हाच माणूस येतो आणि म्हणतो, ‘साहेब, या वर्षी जरा उत्पन्न वाढवून दाखवू या.’ बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, तेव्हा एका वर्षात वाढवून भागत नाही, आणि वाढवलेल्या आकड्याला जीएसटीची साथ नसेल तर फाईल तिथेच पडते. पुरुषाचं उत्पन्न आपल्याकडे प्रसंगाप्रमाणे बदलतं: लग्न जमवताना फुगतं, वर्गणीच्या वेळी आटतं, भावांच्या वाटणीत तर पार नाहीसंच होतं.

तुम्ही विचारलंत फक्त पुरुषांबद्दल. त्यात एक मेख आहे. शहरी भागात पंधरा वर्षांवरच्या बायकांपैकी साधारण चारांतली एक कमाईचं काम करते, म्हणून आपल्याकडे ‘घराचं उत्पन्न’ आणि ‘नवऱ्याचं उत्पन्न’ बहुतेक ठिकाणी एकच पडतं आणि लोक दोन्ही शब्द एकाच श्वासात वापरतात. घोडबंदर रोडवर मात्र ते एक नसतं. इथल्या टॉवरमध्ये दोघं कमावणारी घरं भरपूर आहेत. समोरच्याची गाडी, मुलांची शाळा, दिवाळीची सहल हे सगळं दोन पगारांचं असतं, आणि तुम्ही ते एका पुरुषाच्या नावावर मांडता. शिवाय नवऱ्याने पैसे बायकोच्या नावे ठेवले तरी त्याचं व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. हे बहुतेकांना माहीतच नसतं, नोटीस आली की कळतं.

व्यवसाय करात राज्याने पुरुष आणि बायका वेगळे धरले आहेत. महाराष्ट्रात बाईला २५ हजारांपर्यंत पगार असला तर हा कर नाही. पुरुषाला माफी साडेसात हजारांपर्यंतच. दहा हजारांच्या वर गेला की महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. घटनेतच अडीच हजारांची कमाल मर्यादा आहे म्हणून वर काही वाढत नाही. परिणाम असा की तुमच्या गेटवरचा वॉचमन आणि सतराव्या मजल्यावरचे डायरेक्टर साहेब सारखाच व्यवसाय कर भरतात. ठाण्यातल्या पुरुषांची सरकार-दरबारी समानता पाहायची असेल तर ती एवढीच.

गेटवरच्या माणसाचा विषय निघालाच आहे. त्याच्या पगारपत्रकावर ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापलेला असतो, आणि ईएसआयची मर्यादा २०१७पासून २१ हजारांवर अडकलेली आहे. म्हणजे ज्याच्या कागदावर ती ओळ दिसते त्याचा पगार एकवीसच्या आत. वॉचमन, हाऊसकीपिंग, लिफ्टमन, मॉलमधला सेल्समन, वागळे इस्टेटच्या गाळ्यातला ऑपरेटर, कुरिअरवाला यांतले बहुतेक याच रेषेखाली येतात, आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या धरूनही. हे पुरुषही ठाण्यातच राहतात: लोकमान्यनगर, कळवा, दिवा, मुंब्रा. ठाण्याच्या पुरुषांचा खरा मधला आकडा काढला तर तो तुमच्या टॉवरपेक्षा या वस्त्यांच्या जवळ पडेल याबद्दल मला शंका नाही. मधला म्हणजे सगळ्यांना कमाईप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मध्ये येणारा माणूस. सरासरी वेगळी. एका मजल्यावर चार पुरुष आहेत, तिघांना साठ-साठ हजार आणि चौथा बांधकामाचा ठेकेदार, महिन्याला सहा लाख. सरासरी निघाली एक लाख पंचाण्णव हजार. त्या मजल्यावर एक पंचाण्णव कमावणारा एकही माणूस नाही! सोसायटीत जो ‘साधारण पगार’ बोलला जातो तो असा ठेकेदारामुळे वर गेलेला असतो.

ठाणे-नवी मुंबईत पुरुषाची कमाई कुठल्या मार्गाने येते हे पाहिलं की एका आकड्याचा नाद आपोआप सुटतो. सरकारी माणसाचं सगळ्यात सोपं, कारण त्याचा पगार छापलेला असतो. रेल्वेत अगदी खालच्या स्तरावर लागलेल्या मुलाचं मूळ वेतन १८ हजार. २०२५च्या सुरुवातीचा महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर ९,९००, आणि घरभाडं ३० टक्के म्हणजे ५,४००, कारण ठाणे आणि नवी मुंबई मुंबईच्याच वर्गात धरतात. झाले ३३,३००, वर प्रवास भत्ता. तोच ज्युनियर इंजिनियर म्हणून लागला तर मूळ ३५,४०० आणि एकूण साडेपासष्ट हजार. म्हणजे नवखा ज्युनियर इंजिनियर कापाकापीआधी जवळजवळ तुमच्याच रांगेत, आणि त्याला व्हेरिएबलची धास्ती नाही. उलट शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागलेला प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं १६ हजारांच्या मानधनावर असतो. २०२३च्या आधी तर सहा हजार होतं. दोघेही ‘सरकारी नोकरीत आहे’ असंच सांगतात आणि मुलीकडचे दोघांकडे सारख्याच नजरेने बघतात.

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नव्या मुलाला सुरुवातीला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. हा आकडा दहा-बारा वर्षं जवळजवळ तसाच आहे. त्याच इमारतीत दहा वर्षं झालेला आणि दोन वेळा नोकरी बदललेला माणूस वीस-पंचवीस लाखांवर असतो. गळ्यात पट्टा एकाच रंगाचा, म्हणून बाहेरच्याला दोघे सारखेच ‘आयटीवाले’.

तुर्भ्याच्या बाजारसमितीतला माथाडी कामगार हा तर कुठल्याच तक्त्यात नीट बसत नाही. १९६९च्या माथाडी कायद्याने त्याची मजुरी व्यापाऱ्याकडून थेट त्याच्या हातात न जाता मंडळात जमा होते, टोळीच्या हिशोबाने वाटली जाते, आणि वर व्यापाऱ्याला लेव्ही, म्हणजे जादा आकार, लागून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस त्यातून येतो. पाठीवर पोती वाहणारा माणूस, पण कागद पाहिला तर कंत्राटी ऑफिसबॉयपेक्षा त्याची बाजू पुष्कळदा भक्कम. कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची घरं झाली ती याच व्यवस्थेच्या जोरावर.

आणि गावठाणातला भूमिपुत्र. नवी मुंबई वसवताना सिडकोने जमिनी घेतल्या, आंदोलनं झाली, साडेबारा टक्के योजनेत विकसित भूखंड परत मिळाले. आज गोठिवलीत किंवा तळवलीत एखाद्याला नोकरी काय विचारलंत तर म्हणेल, ‘काही नाही, घरीच असतो.’ चार मजल्यांची इमारत भाड्याने असते. त्याचं ‘वैयक्तिक उत्पन्न’ पगाराच्या पाहणीत शून्य दिसेल. रिटर्नमध्ये भाडं दाखवलं तर तीस टक्के वजावट मिळते. रोखीने आलेलं दाखवलं जातं की नाही, ते ज्याचं त्याला माहीत.

आता तुमच्या सोसायटीकडे येतो. तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. टॉवर हा चाळणीसारखा असतो: दारातच ठराविक रकमेखालचे गळून जातात, आणि आत उरलेल्यांना वाटतं की जग एवढंच आहे. ही चाळणी उलटी वाचून अंदाज काढता येतो. साडेआठ टक्के दर धरला तर वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता पडतो. साठ लाख कर्ज असेल तर ५२ हजार. बँक हातात येणाऱ्या पैशाच्या निम्म्याहून जास्त हप्ता सहसा बसू देत नाही, म्हणजे घरात किमान एक लाख चार हजार येत असले पाहिजेत. नुकतंच अशा दराने कर्जावर घर घेतलेल्याबद्दल हे बरोबर आहे. पण मजल्यावरच्या किती घरांना हे लागू पडतं?

माझ्या अनुभवात तरी थोड्यांनाच. कुणी २००५-०६ला घेतलं, जेव्हा घोडबंदर रोडला लोक ‘जंगलात कोण जाणार’ म्हणायचे. त्याचा हप्ता कधीच फिटला, आणि तो साठ हजारांच्या पगारावर तुमच्यापेक्षा ऐसपैस राहतो. कुणाची परळ-लालबागची खोली पुनर्विकासात गेली किंवा गिरगावातली विकली, त्या पैशांत इथे दोन बेडरूम आले आणि वर मुदतठेवही झाली. कुणाच्या वडिलांनी कारखाना बंद पडताना मिळालेली रक्कम घरात घातली. या सगळ्यांची राहणी सारखी दिसते आणि पगारात तिप्पट फरक असतो. ठाण्यात मध्यमवर्गीय पुरुषाची स्थिती ठरवायची झाली तर मी आधी ‘पगार किती’ विचारत नाही, ‘घर कोणत्या साली घेतलं’ विचारतो. उत्तरावरून निम्मं चित्र कळतं.

तुमच्या वयाबद्दल एक गोष्ट, कारण ती बोलली जात नाही. चाळिशी ते पन्नाशीतल्या खासगी नोकरीवाल्या पुरुषांच्या फॉर्म सोळामध्ये मला जो बदल दिसतो तो सोसायटीत ऐकू येत नाही. वर्षात दोन कंपन्यांचे फॉर्म, मध्ये चार-पाच महिने कोरे. किंवा पगाराच्या जागी ‘व्यावसायिक शुल्क’, म्हणजे नोकरी गेली आणि तिथेच कंत्राटावर घेतलं. काही जण घरी सांगत नाहीत, रोजच्या वेळेला बॅग घेऊन निघतात. त्या काळातही सोसायटीच्या गप्पांत त्यांचा पगार जुनाच असतो. तेव्हा ऐकलेल्या आकड्यांवरून स्वतःला कमी लेखू नका.

तुलना करायचीच असेल तर तीन अटी सारख्या ठेवा: तुमचं वय, तुमचं काम आणि हातात येणारी रक्कम. तुमच्या क्षेत्रात पंधरा वर्षं झालेल्या, दुसऱ्या कंपनीतल्या दोन-तीन मित्रांना इन-हँड विचारा, सीटीसी नाही. तिथे तुम्ही मागे पडला असाल तर ती माहिती उपयोगाची, नोकरी बदलण्याइतकी. सोसायटीत कुठे बसतो या माहितीचा उपयोग शून्य.

राहिला घराचा प्रश्न. निम्म्याच्या नियमाने बँक तुम्हाला ३४ हजारांचा हप्ता बसवेल, म्हणजे ३९ लाख कर्ज. एक कोटीचा फ्लॅट बघत असाल तर उरलेले ६१ लाख, ठाण्याची ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ७ लाख, आणि नोंदणीचे तीस हजार, हे सगळं तुमच्या खिशातलं. नसेल तर त्या टॉवरमध्ये विकतचं घर हा विषय आज बाजूला ठेवा. आणि ३४ हजारही मी घेऊ देणार नाही. एकच पगार, खासगी नोकरी, वय ३९. हप्ता २७ हजारांच्या वर जाऊ देऊ नका. त्यात ३१ लाख कर्ज बसतं. हाताशी पंधरा-सोळा लाख असतील तर ४३-४४ लाखांपर्यंतचं घर स्टॅम्प ड्युटीसकट निघतं. ते घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मिळणार नाही. कळवा-खारेगावच्या जुन्या इमारतीत, नाहीतर घणसोली-कोपरखैरणेच्या बाजूला एक खोली-स्वयंपाकघर शोधावं लागेल, तेही कागद नीट तपासून.

पत्नी पुन्हा नोकरी धरणार असतील तर सहा महिने थांबा. त्यांची पगारपत्रकं आणि बँकेचं खातं तयार झालं की दोघांच्या नावाने अर्ज करा, तेव्हा आकडा पूर्ण बदलतो. घर एकट्या त्यांच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. दस्तावर तुमचं नाव खरेदीदार म्हणून जोडलं की ती जाते. कर्जात तुम्ही सहअर्जदार राहू शकता, पण हे बँकेकडून आधी लेखी घ्या, टोकन देण्याच्या आधी.

तोवर भाडं सुखाने भरा. फक्त भाडेकरार नोंदवलेला असू द्या.